जिथं मास्तर घसरतात

किलब्रॅनकमध्ये कोणी मेलं की सारं गाव जायचं. एकटा फर्गल टॅन्सी जायचा नाही.

बाकीचे त्याचे गुण गावाने पोटात घातले असते. लग्नात अकॉर्डियन सुरू झालं की तो दाढ दुखल्यासारखा चेहरा करायचा. दुकानात पाव मागतानाही समोरच्याला व्याकरण शिकवल्यासारखा बोलायचा. लंडनमध्ये एक हिवाळा काढला होता, त्याच्या आठवणीखातर भर जूनमध्ये गळ्याला मफलर. असे नमुने प्रत्येक गावात एखाद-दुसरे असतात आणि गाव ते हौसेने पोसतं. संध्याकाळी बोलायला विषय होतो. पण मयताला न जाणं ही निराळी गोष्ट. आयर्लंडात, शॅनन नदीच्या त्या बाजूला माणूस बांधाच्या भांडणात शेजाऱ्याचं डोकं फोडेल, पण त्याच शेजाऱ्याची आई गेली तर काळा कोट झटकून रांगेत उभा राहील, त्याचा हात हातात घेऊन ‘तुमच्या दुःखात आहोत’ म्हणेल, चहा पिईल, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भांडण जिथं थांबलं होतं तिथून पुढे चालू करेल. तुम्ही ज्याच्या मयताला गेलात तो तुमचा. नाही गेलात, तर तुम्ही कोण?

फर्गलला हा सगळा प्रकार गुरांच्या बाजारासारखा वाटायचा. वडील गेले तेव्हा तो लंडनहून परत आला. तो आला तो आलाच. लंडनने पुन्हा बोलावलं नाही, हा भाग तो सांगत नसे. त्या दिवशी घरात माणसंच माणसं झाली. त्यांच्या अंगाला ओल्या लोकरीचा आणि शेणाचा वास. कुणाच्या तरी काकाने हॅमच्या सँडविचांची परात थेट पियानोच्या झाकणावर ठेवली, शेजारी मोहरीच्या सॉसची बाटली. ‘फर्गल, वाजव की एखादं,’ काका तोंडातला घास सांभाळत म्हणाला, ‘काहीतरी ओळखीचं.’ मोहरीचा पिवळट डाग त्या झाकणावर कायमचा राहिला. फर्गलने त्यानंतर कुणाच्या मयतात पाऊल टाकलं नाही.

त्याच्या वाटचं सगळं अट्रॅक्टा करायची. अट्रॅक्टा त्याची थोरली बहीण. लहानखुरी, चटपटीत, अविवाहित. भावाचे शर्ट इस्त्री करणं, शिकवणीच्या पोरींना दारातच बूट काढायला लावणं आणि मयताला जाणं ही तिची तीन कामं. मयताचा तिचा कोट निळा होता. ‘काळा घालायला मेलेलं माझं कुणी नाही,’ ती म्हणायची, ‘मी फक्त रांगेची माणूस.’ तिथं ती दोघांच्या वतीने हात मिळवायची. ‘फर्गलला यायचं होतं, पण शिकवणी आहे.’ समोरचा म्हणायचा, ‘हो, हो, शिकवणी.’ आणि दोघंही खाली बघायचे.

‘एकदा तरी चल,’ सुरुवातीला ती म्हणायची.

‘जिवंतपणी ज्याच्याशी दोन शब्द बोलावेसे वाटले नाहीत, त्याच्या शवपेटीपुढे जाऊन काय करू?’

‘राहू दे मग. तुझं तोंड बघून मेलेला उठून बसायचा.’

कॉन्व्हेंटच्या शाळेत फर्गल पियानो शिकवायचा, म्हणून गावाने त्याला ‘मास्तर’ म्हणायला सुरुवात केली. त्यात आदर किती आणि खोडी किती हे ज्याचं त्याने ठरवावं. शेतकऱ्यांच्या पोरी बटाटे सोलावेत तशा सुरावटी सोलून काढायच्या, आणि तो खिडकीतून पावसाकडे बघत ‘पुन्हा’ म्हणायचा. त्याच्या हाताखालून पिढ्या गेल्या. त्यांतली एकही पुढे पियानोला शिवली नाही. याचं श्रेय तो गावाच्या रक्ताला द्यायचा.

आयुष्यात त्याने एकच गोष्ट मनापासून केली, आणि ती बरी केली. नॉक्टर्न नावाच्या छोट्या रचना असतात, एकट्या पियानोसाठी. डावा हात पाण्यासारखा हलत राहतो आणि उजवा त्यावर कुणाला न दुखावता गातो. या प्रकाराला जन्म दिला एका आयरिश माणसाने, जो डब्लिनमध्ये जन्मला आणि मॉस्कोत मेला. फर्गलला या माणसाबद्दल आपलेपणा वाटायचा, विशेषतः तो निघून गेला आणि परत आला नाही याबद्दल. त्याची नॉक्टर्न ध्वनिमुद्रित करायची असं त्याने ठरवलं. कॅसेट निघणार होती.

जागा ठरली प्रोटेस्टंटांचं देऊळ. तिथं रविवारी चार म्हाताऱ्यांपलीकडे कुणी यायचं नाही, त्यामुळे शांतता भरपूर होती. पियानोही बरा होता. डब्लिनहून एक दाढीवाला तंत्रज्ञ यंत्रं घेऊन आला. शेगडी फुसफुसते म्हणून ती बंद करावी लागली, आणि फर्गल बोटं काखेत गरम करून एकेक रचना वाजवत गेला. मधूनच धुराड्यातले कावळे भांडायला लागायचे, मग थांबायचं. चौथं नॉक्टर्न सुरू झालं तेव्हा बाराची प्रार्थनेची घंटा व्हायला थोडाच वेळ उरला होता. घंटा एकदा सुरू झाली की संपेपर्यंत काही करता येणार नव्हतं, आणि दाढीवाल्याला जेवायला निघायचं होतं. त्या रचनेत एक ओळ तीनदा येते. दोनदा ती नीट आली. तिसऱ्यांदा फर्गलचं थंड पडलेलं बोट शेजारच्या पट्टीवर घसरलं आणि लगेच सावरलं.

‘झालं?’ दाढीवाला कानावरचं काढत म्हणाला.

‘झालं,’ फर्गल म्हणाला.

पुढे तो सांगायचा की ती चूक त्याने मुद्दाम ठेवली. कसोटी म्हणून. ‘ज्याला कान आहे तो येऊन मला सांगेल. बघू, या आयर्लंडच्या बेटावर कान किती आहेत.’ खरी गोष्ट अशी की कॅसेट छापून घरी आल्या, त्याने पहिली लावली, आणि चौथ्यापाशी पोहोचल्यावर तो खुर्चीतून उठून न्हाणीघरात गेला आणि बराच वेळ नळ सोडून उभा राहिला. कसोटीची कल्पना त्याला नळ बंद करताना सुचली.

प्रकाशनाचा कार्यक्रम वाचनालयात ठेवला होता. आदल्या दिवशी अट्रॅक्टा त्याला तिथंच गाठायला आली.

‘उद्या नको ठेवूस, फर्गल. लॅव्हिनची म्हातारी गेलीय. उद्या संध्याकाळी गिलहूलीच्या मयताच्या खोलीत अंत्यदर्शन आहे.’

‘मग?’

‘मग काय? गाव तिकडे असणार.’

‘एका मेलेल्या म्हातारीसाठी मी माझं संगीत पुढे ढकलू? ती काय ऐकायला येणार आहे?’

हे तो ग्रंथपालबाईच्या समोर बोलला. बाईची मावशी लॅव्हिनांकडे दिलेली. दिवे लागायच्या आत ते वाक्य गावाच्या दोन्ही टोकांना पोहोचलं, आणि मिसेस लॅव्हिनने, म्हणजे गेलेल्या म्हातारीच्या सुनेने, ते शांतपणे ऐकून घेतलं. ‘बरं,’ एवढंच म्हणाली. किलब्रॅनकमध्ये ‘बरं’ याहून वाईट शब्द नाही.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात प्रोटेस्टंट पाद्री, ग्रंथपालबाई आणि अट्रॅक्टा होते. बाकी खुर्च्या. फर्गलने त्या खुर्च्यांना रचनाकाराचं आयुष्य समजावून सांगितलं आणि कॅसेट लावली. तिसरं नॉक्टर्न संपता संपता अट्रॅक्टाने उठून निळा कोट चढवला. ‘जाऊन येते,’ ती त्याच्या कानाशी म्हणाली, ‘दोघांच्या वतीने.’ पाद्री तोवर झोपला होता. घसरलेली ती जागा आली आणि गेली. ग्रंथपालबाई घड्याळाकडे बघत होती.

गावात कुणी एकही कॅसेट घेतली नाही. फर्गलने त्याचा अर्थ सोपा लावला: गाढवापुढे वाचली गीता. कॅसेटींचं खोकं जिन्याखाली, जुन्या बुटांच्या शेजारी जाऊन बसलं.

मग काही महिन्यांनी अट्रॅक्टा स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘एक कॅसेट गेली हं, फर्गल.’

तो वर्तमानपत्रामागेच राहिला. ‘कुणाला?’

‘आहे एक जण. फार लावतो म्हणे.’

वर्षभराने पुन्हा एक गेली. मग पुन्हा. ‘त्यालाच हवी होती. पहिली झिजली,’ ती म्हणायची. फर्गलने त्याचं नाव विचारलं नाही. विचारणं म्हणजे आपल्याला पडलेली आहे असं दाखवणं. पण मनातल्या मनात त्याने त्या श्रोत्याला गॉलवे शहरात एक उंच घर दिलं, शेकोटीजवळची खुर्ची दिली, निवृत्त न्यायाधीशाची पांढरी दाढी दिली. वाजवून वाजवून कॅसेट झिजवणारा एक माणूस! धड्याच्या वेळी एखादी पोर फारच बटाटे सोलायला लागली की तो त्या न्यायाधीशाचा विचार करायचा आणि त्याला बरं वाटायचं. असा माणूस एक दिवस चौथ्या रचनेबद्दल लिहील, हेही त्याने गृहीत धरून ठेवलं होतं.

अशी वर्षं गेली. नन्स म्हाताऱ्या होऊन शहराकडे गेल्या, कॉन्व्हेंटला कुलूप लागलं, शिकवणी घरी आली. आणि एका वसंतात अट्रॅक्टा परसात कपडे वाळत घालताना दोरीखाली बसली ती उठली नाही. फर्गलला ती दिसली तेव्हा त्याचाच एक शर्ट तिच्या मांडीवर होता, चिमटे मुठीत.

दुपारी डोनी गिलहूली आला. लहानपणी तो फर्गलबरोबर शाळेत होता. गावात त्याचा दारूचा गुत्ता, आणि गुत्त्याच्या मागे मयताची खोली. पुढच्या दाराने बिअर, मागच्या दाराने मेलेले, आणि दोन्हींकडे तोच डोनी तोच चेहरा घेऊन. फर्गलला त्याच्याइतका तिटकारा फारच थोड्या माणसांचा होता.

‘उद्या संध्याकाळी ठेवू दर्शन,’ डोनी टोपी गुडघ्यावर ठेवून म्हणाला. ‘फादर टलींशी बोललोय. फुलं बायका बघतायत. संगीताचं सांग.’

‘कसलं संगीत?’

‘नेहमीचं.’

‘तुझं नेहमीचं काय असणार ते न ऐकता कळतं मला. बासऱ्यांची रडारड. बंद ठेव.’

डोनीने गुडघ्यावरची टोपी उचलली. ‘अरे, पण अट्रॅक्टानेच तर...’

‘बंद म्हणजे बंद, डोनी. एक संध्याकाळ तरी माझ्या बहिणीला शांतता मिळू दे.’

‘तुझं मयत,’ डोनी म्हणाला आणि टोपी घालून निघाला.

त्या रात्री फर्गलला जे वाटलं ते त्याने स्वतःशीही नीट कबूल केलं नाही. गावात तो कुणाच्या दारी गेला नव्हता. आता त्याच्या दारी कोण येणार? आणि कुणी नाही आलं, तर ती रिकामी खोली त्याची नसणार होती. अट्रॅक्टाची असणार होती. आयुष्यभर जी रांगेत उभी राहिली तिच्यापुढे रांग नाही. आपल्याला याचं काही नाही, असं तो म्हणत राहिला, आणि दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळेच्या बराच आधी जाऊन शवपेटीशेजारी, दार दिसेल अशा बाजूला उभा राहिला.

गाव आलं. दार उघडलं तेव्हा रांग गुत्त्याला वळसा घालून पेट्रोल पंपापर्यंत गेली होती. ते त्याच्यासाठी आलेले नव्हते हे त्यांच्या तोंडांवरच लिहिलेलं होतं. एकेक जण शवपेटीपाशी थांबायचा, अट्रॅक्टाच्या हाताला हात लावायचा, मग त्याच्याकडे वळून थंडपणे हात पुढे करायचा.

‘तुमच्या दुःखात आहोत, मास्तर.’

‘आभारी आहे.’

‘माझ्या आईच्या वेळी आली होती ती.’ हेही प्रत्येकाने सांगितलं. आईच्या वेळी. भावाच्या वेळी. आमच्या पोराच्या वेळी. कोण आलं नव्हतं, ते कुणी सांगितलं नाही.

पण काहीतरी बिनसलं होतं. खोलीत कुणाला वावरताच येत नव्हतं. बुटांचा करकर आवाज व्हायचा आणि माणूस चोरासारखा थबकायचा. कुणाच्या पोटात गुरगुरलं, ते सगळ्यांनी ऐकलं. लोक शवपेटीपाशी किती थांबायचं ते विसरल्यासारखे एकतर पळायचे नाहीतर खिळून राहायचे, आणि रांग मागे तुंबायची. भिंतीवर, येशूच्या चित्राशेजारी टांगलेल्या लहानशा स्पीकरकडे जो तो बघायचा. फर्गलला वाटलं, याला म्हणतात शांततेची सवय नसणं.

मिसेस लॅव्हिनची पाळी आली. आता तीही केस पांढरे झालेली, काठी टेकत चालणारी. तिने त्याचा हात धरला आणि सोडला नाही.

‘संगीत बंद का आहे, मास्तर?’

‘मी सांगितलं बंद ठेवायला.’

‘अट्रॅक्टाच्या वेळी?’ तिचा आवाज खोलीभर गेला. ‘माझ्या सासूला वाजलं. पुलाखाली राहायचा तो फिरस्ता म्हातारा, ज्याचं आडनाव कुणाला ठाऊक नव्हतं, त्याला वाजलं. आणि तुमच्या सख्ख्या बहिणीला नाही?’

‘बाई, कुठल्याशा बासरीवाल्याचं...’

‘कसला बासरीवाला!’ ती म्हणाली, आणि काठीच्या मुठीवर बोटाने ताल धरून गुणगुणायला लागली.

आवाज चिरका होता, सूर कधी बाजूने, कधी खालून. पण फर्गलच्या मानेवरचे केस उभे राहिले. ती ओळ एकदा आली. दुसऱ्यांदा आली. तिसऱ्यांदा मिसेस लॅव्हिन नेमक्या त्या जागी शेजारच्या सुरावर घसरली आणि लगेच सावरली.

तो रांग तशीच सोडून मागच्या दाराने गेला. डोनी फुलदाण्यांच्या कपाटाजवळ उभा होता.

‘काय वाजवतोस तू इथं?’

‘तुला ठाऊक नाही?’ डोनीच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी हललं. ‘मला वाटलं, बासऱ्यांचं तू उगाच बोललास; मयताच्या खोलीत वाजतं याची तुला लाज वाटते, म्हणून बंद करायला लावलंस. अट्रॅक्टाने दिलेली ती. त्या लॅव्हिन म्हातारीच्या संध्याकाळी, तुझ्या कार्यक्रमातून उठून आली आणि पर्समधून कॅसेट काढली. म्हणाली, डोनी, लोक त्याच्याकडे जात नाहीत तर त्याला इथं आण. मग झिजली की नवी घेऊन यायची.’

फर्गलच्या डोळ्यांपुढे गॉलवेचं उंच घर होतं, शेकोटी होती, खुर्चीत पांढरी दाढी होती. मग खुर्चीत डोनी बसलेला दिसला.

‘माझं संगीत,’ तो हळू म्हणाला, कारण ओरडला असता तर आवाज फाटला असता, ‘तुझ्या धंद्याच्या मेणबत्त्यांत मांडून ठेवलंस? या लोकांनी सँडविच चघळत ऐकावं म्हणून?’

‘सँडविच पुढच्या खोलीत असतात,’ डोनी म्हणाला. ‘आणि एवढे श्रोते कुणाला मिळतात रे? गावात असा एक माणूस नाही ज्याने तुला ऐकलेलं नाही. मधेच उठून जात नाहीत. एक जण तर उठूच शकत नाही.’

‘बंदच राहील ते.’

‘तू म्हणशील तसं. पण दार लावायची वेळ झाली. शेवटच्या फेरीला मी ती पहिल्यापासून लावतो आणि लोक त्यावर प्रार्थनेला उभे राहतात. आज कशावर उभे राहतील मला ठाऊक नाही.’

पलीकडे खोलीत कुणीतरी खोकलं. रांग संपली होती, पण कुणी जात नव्हतं. अट्रॅक्टाच्या भोवती, हात कुठे ठेवावेत ते न कळून, गाव उभं होतं. फर्गल दाराच्या फटीतून बघत राहिला.

‘लाव,’ तो म्हणाला. ‘पण चौथं नको.’

‘कॅसेट आहे ती, फर्गल. वेचून कशी वाजवू?’

बटण फर्गलनेच दाबलं.

आवाज भिकार होता. वरचे सूर पत्र्यासारखे, खालचे दलदलीत रुतलेले. पण पहिली ओळ आली आणि खोलीतले खांदे एकदम खाली आले. फर्गल परत येऊन बहिणीशेजारी उभा राहिला. पहिलं झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. चौथं सुरू झालं तसा तो जमिनीकडे बघायला लागला. ओळ एकदा आली. दुसऱ्यांदा आली. तिसऱ्यांदा घसरली, आणि त्याच क्षणी खोलीभर खुळखुळ झाली. सगळ्यांचे हात एकदम खिशात गेले आणि जपमाळा बाहेर निघाल्या. डोनीने आवाज कमी केला. फादर टलींनी प्रार्थना सुरू केली.

नंतर जॉन जो रेगन, ज्याचं अर्धं आयुष्य गुरांच्या बाजारात गेलं होतं, त्याच्याजवळ आला. ‘बरं झालं लावलंत, मास्तर. नाहीतर सुरुवात कुठे करायची ते कळत नाही. आम्ही जिथं तुम्ही चुकता तिथं काढतो माळ.’

‘जिथं मी... तुम्हाला कळलं ते?’

‘आता तीच ओळ दोनदा सरळ जाते आणि तिसऱ्यांदा पाय घसरतो. बैलालाही कळेल.’

‘मग इतक्या वर्षांत कुणी सांगितलं का नाही?’

जॉन जोने त्याच्याकडे नीट बघितलं. ‘सांगणार कुठे? तुम्ही कधी आलाच नाहीत.’

एवढ्याने एखादा शहाणा झाला असता. फर्गल कामाला लागला. उन्हाळाभर त्याने पियानो जुळवून घेतला, मोहरीच्या डागावर रुमाल अंथरला, आणि शिकवणीचा टेपरेकॉर्डर लावून चौथं पुन्हा पुन्हा वाजवलं, इतकं की शेजारच्यांनी खिडक्या लावून घेतल्या. ओळ तिन्ही वेळा स्वच्छ आली. बाकीच्या रचना जुन्यावरून उतरवून त्याने नवी कॅसेट तयार केली. गाव माझी चूक पाठ करून बसलंय, तर गावाला बरोबर काय ते आता ऐकावं लागेल. पळून जायची सोय त्यांनीच ठेवलेली नाही.

शरद ऋतूत मिसेस लॅव्हिनचा नवरा गेला. फर्गल टॅन्सी मयताला आला. लोक बाजूला सरले, काहींनी एकमेकांना कोपर मारलं. त्याने कॅसेट डोनीच्या हातात ठेवली. ‘सुधारलेली आहे. आणि वरचे सूर कमी कर, पत्रा वाजतोय.’ मग रांगेत उभा राहून त्याने मिसेस लॅव्हिनचा हात हातात घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा ‘तुमच्या दुःखात आहे’ म्हणाला. ते त्याने ज्या सुरात म्हटलं, त्या सुरात तो पोरींना ‘पुन्हा’ म्हणायचा.

शेवटची फेरी लागली. चौथं आलं. लोकांचे हात खिशांपाशी गेले. ओळ एकदा आली, दुसऱ्यांदा आली, आणि तिसऱ्यांदा काचेसारखी सरळ निघून गेली.

हात खिशांपाशीच राहिले. फादर टलींनी तोंड उघडलं आणि मिटलं. जॉन जो रेगन स्पीकरकडे असा बघत होता जसं काही त्यात गाय अडकलीय. रचना संपली, पाचवी सुरू झाली, तरी कुणी हललं नाही.

‘घसरले नाहीत,’ मागून कुणीतरी म्हणालं.

सगळ्यांनी फर्गलकडे बघितलं.

‘हेच बरोबर आहे,’ फर्गल म्हणाला. ‘असंच लिहिलेलं आहे. इतकी वर्षं तुम्ही चुकीचं ऐकत होतात.’

मिसेस लॅव्हिनने काठी टेकून त्याच्याकडे तोंड केलं. ‘माझा माणूस गेलाय, मास्तर. नवं काहीतरी आजच कशाला?’

तो उत्तर देणार होता. त्याच्याकडे उत्तर होतं, स्वरलिपीसकट. पण ती रडत नव्हती, नुसती वाट बघत होती, आणि तिच्यामागे सगळं गाव तशाच चेहऱ्याने वाट बघत होतं.

‘जुनी आहे?’ त्याने डोनीला विचारलं.

डोनीने ती कोटाच्या खिशातूनच काढली.

ती पहिल्यापासून लावावी लागली, कारण नेमकी जागा शोधत कॅसेट पुढेमागे पळवणं मयतात शोभलं नसतं. रांग नव्हती, चहा नव्हता, हात मिळवायचं कुणी उरलं नव्हतं. गाव गच्च भरून उभं राहिलं आणि पहिलं नॉक्टर्न ऐकलं, दुसरं ऐकलं, तिसरं ऐकलं. कुणी खोकलं नाही. ओल्या लोकरीचा वास तसाच होता. फर्गलला आयुष्यभर हवी होती ती मैफल ही अशी मिळाली. भरलेलं दालन, श्वास रोखलेले श्रोते, आणि सगळे त्याच्या एका चुकीसाठी टपलेले.

बोट घसरलं. जपमाळा खुळखुळल्या.

‘कान म्हणून नाहीत तुम्हाला,’ प्रार्थना संपल्यावर तो पुढच्या खोलीत जॉन जोला म्हणाला.

‘नाहीत ना,’ मिसेस लॅव्हिन मागून म्हणाली आणि परात त्याच्यापुढे धरली. ‘घ्या, सँडविच घ्या.’

फर्गलने परातीकडे बघितलं. हॅम जाड कापलेलं, पाव कडेला वाळलेला. त्याने एक उचललं, एक घास खाल्ला आणि नाक मुरडलं.

‘मोहरी कुठे आहे?’ तो म्हणाला.